दुसरा गोलरक्षक

सामना पाहायला माणसे लोटतात. सराव पाहायला कोणी जात नाही. लग्नाला सारा गाव येतो, पण आदल्या रात्री मांडवामागे कणीक तिंबत बसलेल्यांकडे कोणाचे लक्ष असते? मीही गेलो नसतो. परंतु माझा भाचा त्या संघात आहे, आणि ताईने दिलेला चकल्यांचा डबा मोडतोड न होता त्याच्या हाती पडावा म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशीच मी अकोल्याहून अमरावतीला जाऊन पोचलो.

भाचा पगारी खेळाडू आहे. हा शब्द आमच्या घरात अजून थोडा अडखळतच उच्चारला जातो. नागपूरच्या एका फुटबॉल क्लबाने हंगामापुरते त्याचे मानधन ठरवले आहे. रक्कम सांगण्यासारखी नाही. पण खेळण्याचे पैसे मिळतात याचेच ताईला इतके अप्रूप, की आलेले पैसे ती आधी देवापुढे ठेवते आणि मगच कपाटात टाकते. भाऊजींचे मात्र तसे नाही. "पोरगा काय करते?" या प्रश्नाला "खेळते" असे उत्तर देणे त्यांच्या जिवावर येते.

तो गोलरक्षक आहे, आणि त्यातही दुसरा गोलरक्षक. या 'दुसरा' शब्दाचा अर्थ मला त्या संध्याकाळपर्यंत नीटसा कळला नव्हता.

अश्विन सरत आला होता. दिवसभर ऊन चटके देत होते, पण पाचाच्या सुमारास सावल्या लांबल्या तशी हवा निवली आणि मुले मैदानात उतरली. माझी अपेक्षा होती की आता धावाधाव होईल, घाम निथळेल, मार्गदर्शक ओरडतील. प्रत्यक्षात पाहावे तो सारे कसे सुस्तावल्यासारखे. पाचसहा जणांचे एकेक रिंगण, मध्ये दोघे. रिंगणातल्यांनी चेंडू एकमेकांकडे टोलवायचा आणि मधल्यांनी तो अडवायचा. अंगणात पोरांनी खेळावा तसला तो खेळ. सामन्याच्या आदल्या दिवशी पायांत दम साठवायचा असतो, काढायचा नसतो, हे भाच्याने मला मागाहून समजावले.

मग मार्गदर्शकांनी एका पिशवीतून नारिंगी बंड्या काढल्या आणि वाटायला सुरुवात केली. ते काही बोलले नाहीत. एकाला दिली, दुसऱ्याला दिली, तिसऱ्याला वगळून चौथ्याला दिली. उद्या कोण खेळणार हे असे जाहीर होते. अकरा बंड्या संपल्या. ज्यांच्या हाती बंडी आली नाही ती पोरे बुटांच्या नाड्या आवळू लागली. नाड्या सैल झाल्या होत्या असे मला वाटत नाही.

दोन्ही गोलरक्षक पलीकडच्या टोकाला होते. गोलाची चौकट आठ यार्ड रुंद आणि आठ फूट उंच. पहिला गोलरक्षक तिच्यात उभा होता, आणि समोरून त्याच्यावर चेंडू मारत होता माझा भाचा! उजवीकडे, डावीकडे, जमिनीलगत, डोक्यावरून. चेंडू मारायचा, परत आला की घ्यायचा आणि पुन्हा मारायचा. सगळे मैदान आरामात असताना घामाघूम झालेला हा एकटा. त्याचे ते मारणे मला थोडे जास्तच जोराचे वाटले. एकदा तर पहिल्याने हात झटकून "अरे, हळू!" असे काहीसे म्हटलेही.

रात्री डबा उघडून आम्ही बसलो तेव्हा तोच म्हणाला, "मामाजी, तुमी आले ते बरं झालं. पन उद्या मी काही मैदानात उतरत नाही, आधीच सांगून ठेवतो."

"मंग आज एवढं लोळून कायले घेतलं?" मी विचारले.

तो हसला, उत्तर दिले नाही. मला ते पुरे झाले नाही. मास्तरकीत आयुष्य गेलेल्या माणसाला उत्तर न मिळाल्याशी तडजोड करता येत नाही. मी त्याला धीर देण्याच्या उद्योगाला लागलो. अरे, संधी येते. २०१४ च्या विश्वचषकात हॉलंड आणि कोस्टा रिका यांचा सामना अटीतटीचा झाला. जादा वेळही संपत आला तेव्हा हॉलंडच्या मार्गदर्शकाने पहिल्या गोलरक्षकाला बाहेर बोलावले आणि टिम क्रूल नावाच्या राखीव गोलरक्षकाला आत धाडले. पेनल्टीचे दोन फटके त्याने अडवले आणि सामना जिंकून दिला!

"आन् पुढच्या मॅचले?" भाच्याने विचारले.

त्याला माहीत होते. पुढचा सामना अर्जेंटिनाशी; तोही पेनल्टींवर गेला. पण तोवर हॉलंडची बदली खेळाडूंची मुभा संपलेली होती. क्रूल बाहेरच बसून राहिला आणि हॉलंड हरले. आणि ज्याला आधीच्या सामन्यात शेवटच्या क्षणी बाहेर काढले होते, त्याला तो बेत आधी सांगितलाही नव्हता. बाहेर येता येता त्याने रागाने एक बाटली लाथाडली. एकाची संधी ही दुसऱ्याची मानखंडना असते, ही गोष्ट मी धीर देण्याच्या भरात गाळून टाकली होती.

संधीच्या गोष्टी सांगताना आपण नेहमी अर्ध्याच सांगतो. पीटर बोनेटीचीच पाहा. १९६६ साली इंग्लंडने विश्वचषक जिंकला तेव्हा हा त्यांच्या राखीव गोलरक्षकांपैकी एक होता. एकही सामना खेळला नाही. चार वर्षांनी मेक्सिकोत पश्चिम जर्मनीशी उपांत्यपूर्व सामना, आणि पहिला गोलरक्षक गॉर्डन बँक्स पोट बिघडल्याने आजारी. बोनेटीला उतरवले. इंग्लंड दोन गोलांनी पुढे होते. तेथून ३-२ असे हरले. पहिला गोल त्याच्या अंगाखालून गेला, आणि पराभवाचे खापर जे त्याच्या माथी फुटले ते जन्मभर राहिले. इंग्लंडकडून तो पुन्हा कधी खेळला नाही. संधी आली नसती तर बरे झाले असते, असे त्याला कधी वाटले असेल का?

या गोष्टीचे शेपूट आणखी चमत्कारिक आहे. त्या काळी विश्वचषकाची पदके अंतिम सामन्यात खेळलेल्या अकराच जणांना मिळत. उरलेल्या अकरांना काही नाही. ती पदके त्यांना मिळाली २००९ साली, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी. 'संघ' हा शब्द भाषणात बावीसांचा असतो आणि पदके मोजताना अकरांचा होतो. दुसऱ्याने निष्ठेने राबावे असा उपदेश जे करतात त्यांचा हात मानधन मोजताना का आखडतो, हा प्रश्न मला भाच्याच्या मार्गदर्शकांना विचारायचा होता. विचारला नाही. पाहुण्याने विचारण्यासारखा तो नव्हता.

रात्री झोप लागेना. फळाची आशा न धरता कर्म करावे, हे मी शाळेत निदान तीस वर्षे शिकवले. पण हे ज्याला सांगितले तो अर्जुन! त्याच्या हाती गांडीव होते, रथ सैन्याच्या मध्यभागी उभा होता आणि सारथी प्रत्यक्ष श्रीकृष्ण. बंडी मिळालेल्याला केलेला तो उपदेश आहे. ज्याला रथच मिळाला नाही त्याने काय करावे? महाभारतात तशीही माणसे आहेत, आणि त्यांतला एक तर आमच्या विदर्भाचाच. कौंडिण्यपूर या अमरावती जिल्ह्यातच, वर्धेच्या काठी. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी अक्षौहिणी सेना घेऊन पांडवांकडे गेला, आणि 'भीती वाटत असेल तर मी आहे' अशी शेखी मिरवली. अर्जुनाने हसून नको म्हटले. तो दुर्योधनाकडे गेला. त्यानेही नको म्हटले. एवढे मोठे युद्ध झाले आणि आमचा वऱ्हाडी वीर घरी बसला.

त्याहून जवळचा कर्ण. भीष्मांनी त्याला अर्धरथी म्हणून हिणवले, तेव्हा 'भीष्म सेनापती असेतो मी शस्त्र धरणार नाही' अशी प्रतिज्ञा करून तो बसला. दहा दिवस बसला. भीष्म पडल्यावरच त्याची पाळी येणार होती. त्या दहा दिवसांत रोज संध्याकाळी रणांगणाकडून बातमी येत असेल तेव्हा त्याच्या मनात काय उठत असेल? व्यासांनी पुढे शरशय्येपाशी त्या दोघांची भेट घडवली आहे आणि ती फार हृदयस्पर्शी आहे. पण त्या दहा संध्याकाळी माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

जात नाहीत याला कारण आहे. मी एका शाळेत नऊ वर्षे उपमुख्याध्यापक होतो. एका वर्षी मुख्याध्यापक आजारी पडले, दुखणे गंभीर असल्याचे कळले. मी त्यांच्या घरी गेलो, खुर्ची ओढून बसलो, डोळ्यांत पाणीही आले. आणि घरी परतताना, सायकलवर, मी गुणगुणत होतो. हे माझ्या ध्यानात आले तेव्हा मी सायकलवरून उतरलो आणि पुढचा सारा रस्ता चालत गेलो. ते पंधरा दिवसांत बरे झाले. शाळेतर्फे त्यांना हार घातला तो मीच. त्या वेळी हात थरथरले ते सर्वांना प्रेमाने थरथरले असे वाटले.

हे मी कधी कोणाला सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला सांगितले.

सामना दुपारी होता. आम्ही पायीच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाकडे गेलो होतो. वैद्यबंधूंनी १९१४ साली लावलेले हे रोप. १९३६ साली यांच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तेथे जाऊन हुतूतू आणि आपले इतर देशी खेळ करून दाखवले. दाखवले, एवढेच. पदकांच्या शर्यतीत ते नव्हतेच. मला भाच्याला मल्लखांब दाखवायचा होता, कारण रात्रीतून मला एक युक्तिवाद सुचला होता. मल्लखांब हा मुळात कुस्तीगीराचा सराव. समोर जोडीदार नसला तर खांबालाच मल्ल मानून डाव घोटायचे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवे रूप दिले आणि पुढे सरावच कला होऊन बसला. ज्याला सामना नाही असा सराव! पाहणाऱ्याचे भान हरपते आणि 'उद्या हा कोणाशी लढणार' असे कोणी विचारत नाही. तुझे लोळणेही तसेच समज, असे मी त्याला सांगणार होतो.

तेथे पोचलो तर तेलाने काळाभोर झालेल्या खांबावर एक दहाबारा वर्षांचे पोर उलटे टांगून घेत होते. मी बोलायला तोंड उघडले तोच भाचा म्हणाला, "मामाजी, याच्या आता स्पर्धा होतात. मार्क असतात. इथंबी कोनी तरी दुसरा हायच."

युक्तिवाद तेथेच संपला. मग मी सायकलची हकीकत सांगितली. तो खांबाकडे पाहत ऐकत होता. बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "खरं सांगू का मामाजी? मलेबी वाटते. त्याचं एखादं बोट मुरगळावं. जास्त नाही, दोन मॅचपुरतं."

"मंग?"

"मंग काय? त्याले बॉल मारनारा मीच हावो. हलके हलके मारले तर त्याले काही समजनार नाही. उद्या हात उशिरा उठन, गोल जाईन, आन् परवा माही बारी. म्हनून जोरात मारतो. हलका मारला तर तो दमला म्हनून मारला का दुसऱ्या कारनानं, हे मलेच नाही समजनार."

तो हे अगदी सहज बोलला. चेंडूत हवा किती भरावी हे सांगावे तसा. मी मात्र थांबलो. रात्रभर मी त्याच्या श्रमाचे फळ शोधत होतो: संधी, समाधान, कला. त्याने फळाचा विचार केलाच नव्हता असे नाही. फळ त्याला रोज दिसत होते, आणि ते कोणत्या दाराने येणार हेही दिसत होते. ते दार तो स्वतःच्या पायाने लावून घेत होता. कर्णाने शस्त्र खाली ठेवले आणि दहा दिवस दुसऱ्याच्या पडण्याची वाट पाहिली. मी शस्त्र खाली ठेवले नाही, पण हलके मारत राहिलो. शाळेतल्या त्या नऊ वर्षांत मुख्याध्यापकांना नडेल अशी चूक मी एकही केली नाही. त्यांना उपयोगी पडेल असे सुचवायचे मात्र कितीदा तरी राहून गेले. त्यांनी विचारले नाही म्हणून सांगितले नाही, असे मी तेव्हा मनाशी म्हणत असे.

यात निष्काम असे काही आहे की काय, हे मला ठरवता येत नाही. बोट मुरगळावे असे ज्याला वाटते तो निष्काम नव्हे. आणि तरीही, नारिंगी बंडी घातलेल्या अकरांमध्ये त्या संध्याकाळी इतके कष्टाचे काम दुसरे कोणी करत नव्हते.

दुपारी सामना झाला. संघ १-० असा जिंकला. शेवटच्या दहा मिनिटांत पहिल्या गोलरक्षकाने उजवीकडे झेप घेऊन एक चेंडू बोटांच्या टोकांनी बाहेर ढकलला, आणि सारे प्रेक्षक उभे राहिले. मी भाच्याकडे पाहिले. तो बाकावरून उठला नव्हता. गुडघ्यावर कोपर टेकून त्या झेपेच्या जागेकडे पाहत होता, आणि त्याचा उजवा हात किंचित वर उचललेला होता. तसला चेंडू आदल्या संध्याकाळी त्याने निदान वीस वेळा मारला होता.

दिवाळी तोंडावर असल्याने तो माझ्याबरोबरच अकोल्याला यायला निघाला. बडनेऱ्याला गाडीला उशीर होता. फलाटावरच्या उन्हात बाकावर त्याने पिशवीतून हातमोजे काढले आणि उलटे करून वाळत घातले. सामन्यात घातले नव्हते तरी सामन्यापूर्वीच्या सरावात ते भिजले होते. ओले राहिले की वास मारतात, तो म्हणाला. मी डबा उघडून पाहिला. तीन चकल्या उरल्या होत्या, त्यातली एक मोडलेली. त्याने मोडलेली घेतली. मी म्हटले, "चांगली घे ना, अखंड हायेत दोन." तो म्हणाला, "त्या आईले दाखवाले ठेवा. तिले वाटन, आमाले आवडल्याच नाहीत का काय," आणि मग स्वतःच हसून अखंडही उचलली.