तळ्याच्या काठीं उतरावें कोठें?

सुटीचे दिवस जवळ येऊं लागले, म्हणजे सुशिक्षित कुटुंबांत एका प्रश्नाची चर्चा इतर साऱ्या प्रश्नांहून अधिक तपशिलानें होते. डोंगर आणि तळें जेथें एकत्र भेटतात अशा ठिकाणीं जावयाचें, येथवर एकमत असतें. मतभेद होतो तो उतरावयाचें कोठें यावर. भाडें, जेवण, स्नानाला ऊन पाणी, वृद्धांना चढ झेपेल कीं नाहीं, या गोष्टी उघडच व्यवहाराच्या आहेत आणि त्यांविषयीं मला कांहीं सांगावयाचें नाहीं. परंतु त्यांच्या जोडीला आणखी एक अट हल्ली सर्वांच्या तोंडीं असते : खिडकी उघडली कीं पाणी दिसलें पाहिजे. भ्रमणध्वनीवर छायाचित्र पाहून खोली ठरते, आणि त्या छायाचित्रांत खोली कमी व पाणी अधिक असतें. ही अट निरुपद्रवी वाटते. ती तशी आहे काय, एवढाच येथें विचार करावयाचा आहे.

या विषयाचा कसून विचार करणारा एक मनुष्य इंग्लंडच्या वायव्येस, सरोवरांच्या प्रदेशांत होऊन गेला. वर्डस्वर्थला आपण कवि म्हणून शिकतों व शिकवितों. त्यानें आपल्या प्रदेशाची एक प्रवासमार्गदर्शिका लिहिली हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १८१० सालीं ती दुसऱ्याच्या चित्रसंग्रहाची प्रस्तावना म्हणून निनांवी निघाली आणि १८३५ पर्यंत तो तींत भर घालीत राहिला. तींतील मला सर्वांत मनोरंजक वाटणारा भाग बाहेरून आलेल्या श्रीमंतांच्या घरांविषयींचा आहे. तेथील जुन्या शेतकऱ्यांचीं घरें दगडाचीं, डोंगराच्या कुशींत आसऱ्याला बसलेलीं; दुरून पाहतां तीं जमिनींतून उगवल्यासारखीं दिसत. नवा आलेला धनिक मात्र उंचवट्यावर घर बांधी, कारण त्याला तळें दिसावयास हवें होतें. शिवाय त्याला पांढरा रंग देई. परिणाम असा कीं, त्याला तळें दिसूं लागलें, आणि तळ्याकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला तो दिसूं लागला.

शेतकऱ्याच्या घराचें तोंड दृश्याकडे नसतें याचें कारण त्याला सौंदर्याची जाण नाहीं हें नव्हे. त्याला वारा ठाऊक असतो. आपल्या महाबळेश्वराच्या आसपास, जेथें वर्षास दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो, तेथें आज सर्वांत महाग खोली असते ती कड्याच्या टोंकावर. जुन्या रहिवाशाला तेथें घर बांधणें शुद्ध वेडेपणाचें वाटलें असतें. दृश्य ही, ज्याला त्या जागेंत दुसरें कांहीं काम नाहीं, त्याची गरज आहे. ती खोटी नव्हे. पण तिच्यापायीं इतरांचें दृश्य खर्चीं पडत असेल, तर तो खर्च भाड्यांत धरलेला नाहीं असें म्हणणें भाग आहे.

वर्डस्वर्थ येथवर निर्विवाद बरोबर होता. पुढें तो घसरला. १८४४ सालीं केंडलहून विंडरमिअरपर्यंत आगगाडी नेण्याची योजना निघाली, तेव्हां त्यानें वर्तमानपत्रांत पत्रें लिहून तिला विरोध केला. मजुरांचे लोंढे आणून ओतल्यानें त्यांना डोंगराचा लाभ व्हावयाचा नाहीं, अशी अभिरुचि सावकाश घडवावी लागते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. ही भूमि एका अर्थीं सबंध राष्ट्राची मालमत्ता आहे, असें ज्यानें पूर्वीं लिहिलें, त्याच्याच लेखणींतून हें यावें! १८४७ सालीं गाडी सुरू झाली. मला विचाराल तर, एका दिवसासाठीं आलेला मजूर तळ्याचें फारच थोडें बिघडवितो. संध्याकाळीं तो परत जातो. उंचवट्यावरचें पांढरें घर परत जात नाहीं.

आपल्याकडे या प्रश्नाला एक निराळाच पदर आहे. विंडरमिअर हें हिमयुगानें कोरलें. सह्याद्रींतील मोठालीं तळीं माणसांनीं बांधलेलीं आहेत. मुळशीच्या पाण्यावर आज जो शांततेसाठीं जातो, त्याच्या पायाखालच्या खोऱ्यांत १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला होता. बापटांना सेनापति हें नांव त्या लढ्यानेंच दिलें. १९२४ पर्यंत तो चालला, आणि यश आलें नाहीं. भाताचीं खाचरें व घरें बुडालीं. पूर्वेकडे पुण्याच्या वाटेनें वाहणारें पाणी पश्चिमेस वळवून घाटाखालीं भिऱ्याच्या वीजगृहांत उतरविलें गेलें, आणि ती वीज मुंबईला गेली. पुढें कोयना झाली, पवना झाली. कोयनेच्या खोऱ्यांतलीं किती तरी माणसें परक्या जिल्ह्यांत जाऊन वसलीं. खिडकींतून दिसणारें पाणी हें अशा रीतीनें कोणाचें तरी शेत आहे.

यावर आक्षेप येतो तो असा : माझ्या एका खोलीनें कोणता न्याय अथवा अन्याय व्हावयाचा? धरण हलत नाहीं. आणि विजेच्या दिव्याखालीं बसूनच आपण हे विचार करतों. आक्षेप खरा आहे. खोली बदलल्यानें बुडालेलें खाचर वर येत नाहीं, आणि तेवढ्यानें आपण निर्दोष झालों असें मानणारा गृहस्थ तर मला काठावर तंबू ठोकणाऱ्यापेक्षांही असह्य होतो. परंतु दुसरा एक आक्षेप आहे, त्याला मी अधिक भितों. लोक म्हणतात, सुटीच्या दिवशीं असल्या गोष्टी कशाला आठवावयाच्या, मजा जाते. म्हणजे आनंदाला अज्ञान लागतें, असें आपणच कबूल करतों. मुलांना घेऊन जाणाऱ्या आईबापांनीं तरी हें कबूल करूं नये. तळ्यापासून कोस-अर्धा कोस मागें, गांवांत, एखाद्याच्या ओसरीवर उतरावें, त्याच्याच घरचा भात खावा, आणि पाणी पाहावयास पायीं जावें. भाड्याचा पैसा कोणाच्या हातीं पडतो हें यांत आलेंच. काठ कुंपणांनीं अडत नाहीं आणि गुरांची पाण्याची वाट मोकळी राहते, हेंही आलें. पण मला त्याहून मोलाचें वाटतें तें निराळें. ज्याच्या घरीं आपण जेवतों, त्याला त्याच्या आजाचें शेत कोठें होतें हें विचारतां येतें, आणि मग तो पाण्याकडे बोट दाखवितो. त्यानंतर तें तळें कमी सुंदर दिसतें असा माझा समज नाहीं.

पवनेच्या तळ्यांत वाघेश्वराचें जुनें दगडी देऊळ आहे. पावसाळ्यांत तें पाण्याखालीं जातें, आणि उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे कांहीं महिने उघडें पडतें. सभोंवार तुंग, तिकोना, लोहगड उभे असतात. त्या दिवसांत काठावर उतरलेल्या पाहुण्यांची तक्रार असते कीं, पाणी फार दूर गेलें, समोर नुसता गाळ दिसतो. त्याच गाळांतून पायवाट काढून माणसें दर्शनाला जात असतात.