कागद छान आहे

गेल्या वर्षी जुलैमध्ये माझ्या एका जवळच्या मैत्रिणीचे बाबा गेले. ती नाशिकला, मी पुण्यात. बातमी सकाळी सव्वासातला कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली. अर्ध्या तासात तिथे हात जोडलेल्या इमोजींची आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागली. मी ती अंगठ्याने वर सरकवत गेले आणि मनाशी ठरवलं, आपण असलं काही करायचं नाही. आपण तिला पत्र लिहायचं. हाताने, शाईपेनाने, नीट विचार करून.

फोन करावा असंही वाटलं होतं. पण काय बोलायचं ते सुचेना, आणि ती रडायला लागली तर काय करायचं याची भीती वाटली. पत्र लिहायचं ठरल्यावर ती अडचण सुटली. हे तेव्हा मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

मग तयारी सुरू झाली. माझ्याकडे तेव्हा सात पेनं होती. बारीक निबचं घेतलं. निळी शाई अशा पत्राला उत्साही दिसेल, काळी एकदम ऑफिसची दिसेल, म्हणून करड्या रंगाची शाई मागवली. ती यायला पाच दिवस लागले. कागद जाड होता, पण त्यावर ती शाई फार फिकी दिसत होती, म्हणून दुसरा कागद आणला. पहिला खर्डा फाडला, कारण भाषा जड झाली होती. दुसरा खर्डा चांगला होता, पण तिसऱ्या ओळीत डाग पडला. मग ऑफिसचं काम आलं, मग एक लग्न आलं. पत्र पेटीत पडलं तो एकोणिसावा दिवस होता.

आठवड्याने तिचा फोन आला. “मिळालं गं तुझं पत्र,” ती म्हणाली. मी वाट बघत राहिले. मग ती म्हणाली, “कागद छान आहे.”

तिने हे टोमण्याने म्हटलं नव्हतं. तिला खरंच दुसरं काही सुचलं नसावं. बऱ्याच वेळाने, दुसरंच काही बोलता बोलता, ती म्हणाली, “पहिल्या आठवड्यात रात्री झोप यायची नाही. मी फोन घेऊन कुणाकुणाचे मेसेज आलेत ते बघत बसायचे. तुझं नाव नव्हतं. मला वाटलं, तुला कळलं नसेल.”

तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. हाताने लिहिलेलं पत्र मेसेजपेक्षा जास्त खरं असतं, असं आपण बरेचजण धरून चालतो. मीही धरूनच चालले होते. पण ते कशामुळे खरं असतं? आणि लिहिण्याची सगळी मजा मला आली असेल, तर ते पत्र नक्की कुणासाठी होतं?

* * *

आधी माझी बाजू मांडते. मला शाईपेनं मनापासून आवडतात आणि त्याबद्दल मला अपराधी वाटून घ्यायचं नाही.

आमच्या शाळेत पाचवीपासून पेन वापरायची परवानगी मिळायची. कॅमलची शाईची बाटली, ड्रॉपर, टीपकागद, बोटांवर आणि खिशावर निळे डाग. परीक्षेत कुणाची शाई संपली तर शेजारचा पेन उघडून बाकावर दोन थेंब द्यायचा, आणि ते उसने थेंब निबने टिपून घ्यायचे. पुढे सगळ्यांच्याच हातात बॉलपेनं आली. मग लॉकडाऊनमध्ये घर आवरताना बाबांचं जुनं पेन सापडलं. कोमट पाण्यात रात्रभर ठेवून ते धुतलं, शाई भरली, आणि पहिली ओळ उमटली तेव्हा मला जो आनंद झाला, तो अजून कमी झालेला नाही.

या आनंदाला कारणही आहे. बॉलपेनच्या टोकाला बारीक गोळी असते. ती फिरावी म्हणून कागदावर दाब द्यावा लागतो. शाईपेनात निबच्या मधली चीर आणि खालची जीभ यांतून शाई आपोआप उतरते. शाळेत केशाकर्षण म्हणून शिकलो होतो, ते हेच. हात नुसता फिरवायचा, जोर लावायचा नाही. उलट जोर लावला तर निब बिघडते. शिवाय इथे डिलीट नसतं, त्यामुळे वाक्य कागदावर येण्याआधी डोक्यात पूर्ण करावं लागतं. आणि लिहीत असताना वरून दुसरं नोटिफिकेशन टपकत नाही. दिवसभर स्क्रीनकडे बघणाऱ्या माझ्यासारखीला ही अर्ध्या तासाची शांतता किती हवीशी वाटते, ते तुम्हाला सांगायला नको.

तेव्हा आनंद खरा आहे. प्रश्न एवढाच आहे, की या आनंदामुळे पत्र चांगलं होतं का?

अ‍ॅरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’च्या दहाव्या भागात आनंदाविषयी एक साधी गोष्ट सांगितली आहे. एखादं काम करताना त्या कामातच आनंद वाटत असेल, तर तो आनंद कामाला पुढे नेतो; ज्याला भूमितीत गोडी वाटते, त्याला भूमिती जास्त चांगली कळते. पण दुसऱ्याच कशाचा आनंद मध्ये आला, तर तो कामाची वाट लावतो. त्याचं उदाहरण बासरीचं आहे: ज्यांना बासरीचं वेड आहे, त्यांच्या कानावर बासरी पडली की चाललेल्या चर्चेकडे त्यांचं लक्ष राहत नाही.

हे वाचलं आणि मला माझी करडी शाई आठवली. एकोणीस दिवस मी मैत्रिणीचा विचार करते आहे असं समजत होते. खरं तर मी बासरी ऐकत होते.

* * *

मग मी हस्ताक्षराचा बचाव तपासायला घेतला. आपण म्हणतो, हस्ताक्षरात माणूस असतो. टाइप केलेलं अक्षर सगळ्यांचं सारखं, हाताचं अक्षर फक्त त्याचं.

पण मुंबईच्या जीपीओसमोर, कबुतरखान्यापाशी, कितीतरी वर्षं पत्रलेखक बसत असत. गावाकडून आलेले आणि लिहिता न येणारे लोक त्यांच्यासमोर बसून घरचा मजकूर सांगायचे. कामाठीपुऱ्यातल्या बायकाही त्यांच्याकडून घरी पत्रं लिहून घ्यायच्या, मनीऑर्डरचे फॉर्म भरून घ्यायच्या. त्या पत्रांतलं अक्षर पाठवणारीचं नव्हतं. ऐकणारा परका होता, शब्दही थोडेफार त्याचेच असणार. आणि तिकडे गावात पत्र पोचल्यावर पुष्कळदा ते वाचून दाखवायचं कामही पोस्टमन किंवा शाळेत जाणारं एखादं पोर करायचं. म्हणजे सांगणारी एक, लिहिणारा दुसरा, वाचणारा तिसरा, आणि ऐकणारी चौथी. तरी त्या पत्राला कुणी खोटं म्हणणार नाही.

कोकणातली कितीतरी घरं मुंबईच्या गिरण्यांत कामाला असलेल्या माणसांच्या मनीऑर्डरवर चालली. त्या फॉर्मच्या तळाशी निरोपासाठी चिमूटभर जागा असायची. पैसे पाठवतो आहे, तब्येतीला जप, गणपतीला येतो. एवढंच मावायचं. तिथे कागद कुठला आहे हे कुणी बघत नव्हतं. बघायचे ते एवढंच, की या महिन्यात आली का.

‘आली का’ हाच माझ्या मैत्रिणीचाही प्रश्न होता.

दुसरा बचाव सावकाशीचा. पत्राला वेळ लागतो, म्हणून त्यात जास्त भाव असतो. यावर मला आजीच्या तोंडून ऐकलेली गोष्ट आठवते. कुणी गेल्याचं कार्ड आलं, तर ते दारातच वाचायचे आणि फाडून टाकायचे. घरात आणायचं नाही, तारेला अडकवून ठेवायचं तर नाहीच. म्हणजे ज्या पत्राचं काम सगळ्यात मोठं, ते पत्र जपून ठेवायचं नसायचं. ते वाचून उठायचं आणि गाडी पकडायची. आणि जिथे पत्राची चाल पुरी पडणार नाही, तिथे लोक तार करत. तार आली म्हटलं की वाचायच्या आधीच घरातल्या बायका रडायला लागत, इतकं ते समीकरण पक्कं होतं. २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवा बंद झाली, तेव्हा माझ्या वयाच्या बहुतेकांनी कधी तार पाहिलीही नव्हती.

ज्या पिढीच्या पत्रांचं आपण आज कौतुक करतो, ती पिढी सावकाशीची भक्त नव्हती. १८७९ साली आपल्याकडे पोस्टकार्ड आलं, ते स्वस्त आणि सुटसुटीत म्हणून लोकांनी उचललं. त्यांच्याकडे जे सगळ्यात लवकर पोचणारं आणि परवडणारं होतं, ते त्यांनी वापरलं. मी मात्र हातातलं सगळ्यात लवकर पोचणारं साधन बाजूला ठेवलं आणि त्याला ‘खोली’ असं नाव दिलं.

* * *

मग पत्राचं स्वतःचं असं काहीच उरत नाही का? तसंही मला वाटत नाही.

मराठीत पत्रं म्हटलं की जी. ए. कुलकर्णी आठवतात. धारवाडला इंग्रजी शिकवणारे, सभा-समारंभ टाळणारे, माणसांना चार हात लांब ठेवणारे जी. ए. पत्रांतून मात्र भरभरून बोलत. त्यांच्या निवडक पत्रांचे खंड निघाले आहेत. सुनीता देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रं ‘प्रिय जी. ए.’ या पुस्तकात आहेत. ही पत्रं वाचताना मला नेहमी वाटतं, की समोरासमोर बोलता आलं नसतं, असं कितीतरी अंतरामुळे बोलता आलं. पत्र माणसाला समोर न येता जवळ येऊ देतं.

मला वाटलं होतं, मीही तेच करते आहे. फरक कळायला वेळ लागला. तिथे ते अंतर दोघांनी मान्य केलेलं होतं. दोघंही लिहीत होते, दोघंही वाट बघत होते, आणि आपला पत्ररूपी शेजार कसा आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. माझ्या मैत्रिणीने असं काही मान्य केलं नव्हतं. आम्ही रोज मेसेज करणाऱ्या पोरी. ‘जेवलीस का’पासून मीम्सपर्यंत. तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट आठवड्यात मी अचानक आमची रीत बदलली आणि तिला सांगितलंसुद्धा नाही. माझ्या बाजूने ती तयारी होती. तिच्या बाजूने ती नुसती शांतता होती.

म्हणून आता मला वाटतं, पत्राचा खरेपणा पेनात नसतो, हातात नसतो, लागलेल्या वेळातही नसतो. लिहिताना आपण वाचणाऱ्याच्या जागी किती वेळा जाऊन बसतो, त्यात तो असतो. तिला आत्ता काय लागेल? ती हे कुठे बसून वाचेल? तिला हे वाचता तरी येईल का? मेसेज करतानाही हे करता येतं. पत्रात ते करायला सवड जास्त मिळते. पण सवड मिळाली म्हणून आपण ते करतोच असं नाही. ती सगळी सवड शाई निवडण्यातही जाऊ शकते.

यावर कुणी म्हणेल, मग तुझ्या आनंदाचं काय? शाईपेनाचा नाद सोडायचा का? मला तसं वाटत नाही. आमटीला फोडणी देताना ज्याला मजा येते, त्याच्या हातची आमटी चांगली होते. फक्त पाहुणा उपाशी बसला असेल, तर आधी चहा-पोहे पुढे करायचे आणि मग आमटीच्या नादाला लागायचं. दोन ओळींचा मेसेज म्हणजे तेच चहा-पोहे. ‘आत्ताच कळलं. मी आहे. पत्र लिहिते आहे.’ एवढं मी त्या सकाळी सव्वासातला लिहिलं असतं, तर पुढचे एकोणीस दिवस माझे होते. हवी ती शाई मागवायची मुभा होती.

* * *

मैत्रीण आणि मी आता पूर्वीसारख्या बोलतो, जवळजवळ. तो विषय तिने पुन्हा काढला नाही. मी एकदा माफी मागितली, तेव्हा ती म्हणाली, “जाऊ दे गं.” आणि मग थोड्या वेळाने, “आईला लिहिशील का एखादं पत्र? तिला फोनवर बोलायला नको वाटतं. दुपारी एकटीच असते. पण मोठ्या अक्षरात लिही हं, तिला बारीक दिसत नाही.”

काकूंसाठी मी करडी शाई काढली नाही. जाड निबचं पेन घेतलं, काळी शाई भरली, आणि वहीतला रेघांचा कागद घेऊन एक ओळ सोडून एक लिहिलं. लिहिण्याआधी चष्मा काढून, हात लांब करून, आपलंच अक्षर आपल्याला दिसतं का ते बघितलं. काका मला कॉलेजच्या दिवसांत बसस्टँडवर सोडायला यायचे आणि बस हलेपर्यंत खिडकीपाशी उभे राहायचे, ते लिहिलं. बाकी पावसाचं आणि माझ्या फसलेल्या थालीपिठांचं. खर्डा केला नाही. एका ठिकाणी शब्द चुकला, तो खोडून पुढे लिहिलं.

दहा दिवसांनी उत्तर आलं. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड, बॉलपेनने लिहिलेलं, ओळी उजवीकडे खाली उतरत गेलेल्या. काकूंनी लिहिलं होतं की पत्र दोनदा वाचलं, एकदा त्यांनी आणि एकदा शेजारच्या ताईंना वाचून दाखवलं. थालीपीठ का फसलं तेही लिहिलं होतं: भाजणीत पाणी जास्त झालं असणार. आणि शेवटी, अगदी पत्त्याला चिकटून, जागा उरली नव्हती तिथे: पुढच्या वेळी पावसाचं कमी लिही, काकांचं जास्त लिही.

ते पत्र आज लिहायचं आहे. पेनात शाई भरून ठेवली आहे, काळीच. पण काकूंना वाट बघायला लागू नये म्हणून सकाळी मैत्रिणीला मेसेज केला: आईला सांग, लिहायला बसते आहे.