वाचणारा समोर नसतो

जून लागला की कोकणातल्या पावस गावात विजेचा आणि रेंजचा भरवसा धरता येत नाही. 2020 च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईहून गावी परतलेल्या आयटीतल्या मुलांना हे पहिल्याच पावसाळ्यात उमगलं. पुढे मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा तर विचारूच नका. अशा दिवशी सकाळच्या कॉलवर जे ठरतं ते इथल्या मुलापर्यंत पोचतच नाही. त्याच्या हाती लागतं ते लिहिलेलं, तेही वीज आल्यावर.

म्हणून एखाद्या विखुरलेल्या टीमच्या कोडचा दर्जा पाहायचा असेल तर मी आधी तिच्या कमिटची, म्हणजे नोंदवलेल्या बदलांची, यादी वाचेन. 'फिक्स', 'फिक्स 2', 'फायनल फिक्स', 'आता खरंच फायनल' असं दिसलं की पुढचं बघायचं कारण उरत नाही.

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट हे साधन लायनस टोरवाल्ड्सने एप्रिल 2005 मध्ये लिनक्स कर्नलसाठी लिहिलं. जगभर पांगलेली, बहुतेक एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं त्या कर्नलवर ईमेलने पॅच पाठवून काम करत होती, आजही करतात. गिटमध्ये प्रकल्पाचा सगळा इतिहास प्रत्येकाच्या यंत्रावर असतो. त्यामुळे रेंज नसली तरी, लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर, पावसमध्ये बसून एखादी जुनी ओळ कुणी आणि कधी बदलली ते दिसतं. का बदलली, हे मात्र बदलणाऱ्याने लिहून ठेवलं असेल तरच कळायचं. कर्नलच्या मंडळींत तसा शिरस्ताच आहे. अडचण काय होती आणि उपाय हाच का, ते पॅचबरोबर सांगायचं. एका ओळीच्या बदलाला कधी तीन परिच्छेद लागतात. 2004 पासून पॅच ज्याच्या ज्याच्या हातून पुढे जातो तो खाली आपलं नाव घालतो. तपासणाऱ्याचंही नाव राहतं. नाव राहणार म्हटल्यावर माणूस जरा डोळे उघडून बघतो.

बदल कुणी आणि का केला हे न कळण्याची अडचण तशी संगणकाच्याही आधीची. ज्ञानेश्वरी 1290 ची. पुढे जवळजवळ तीनशे वर्षं गावोगावी तिच्या हस्तलिखित नकला होत गेल्या. कुणाचा शब्द चुकला, कुणी आपल्या पदरची ओवी घातली, आणि कुठे काय बदललं याची नोंद कुणाकडेच नाही. 1584 मध्ये एकनाथांनी तिची पाठशुद्धी केली, वर यात आपली ओवी घालू नका असंही बजावून ठेवलं. पावसला देसायांच्या अनंत निवासात सुमारे 40 वर्षं राहिलेल्या स्वामी स्वरूपानंदांनी ज्ञानेश्वरी सोपी करून सांगितली, ती 'अभंग ज्ञानेश्वरी' हा स्वतंत्र ग्रंथ रचून. मूळ संहिता होती तिथेच राहिली. गिटवाल्यांना यात फोर्क, म्हणजे मूळ तसंच ठेवून काढलेली वेगळी प्रत, दिसेल. दिसू दे.

आता रिव्ह्यूचं, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासण्याचं. शुक्रवारी संध्याकाळी चाळीस फायलींची पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती, येते आणि चॅटवर मागोमाग निरोप: 'बघून घे ना रे, आजच मर्ज करायचंय.' दोन मिनिटांत अंगठा पडतो. वाचलेलं कुणीच नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं. बरं, वाचूनही चुकतं. इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित करणाऱ्या ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड नावाचा दोष 2011 च्या शेवटच्या दिवशी कोडमध्ये शिरला, तो रिव्ह्यू होऊनच. समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासता खरी मानली होती, एवढीच ती गफलत. एप्रिल 2014 मध्ये ती उघड झाली तोवर जगभरातल्या असंख्य वेबसाइट त्या कोडवर विसंबून होत्या, आणि तो सांभाळायला पूर्ण वेळ देणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. कंपन्यांना हे सांगायला हवं की रिव्ह्यू हे काम आहे, त्याला तास लागतात, आणि ते तास कामाच्या अंदाजात धरायचे असतात. आठवड्याला किती तिकिटं बंद झाली एवढंच मोजणाऱ्या साहेबाने दर्जाच्या संस्कृतीवर भाषण देऊ नये.

दुसरी गोष्ट बोलण्याच्या सुराची. 'हे असं का केलंस?' हेच वाक्य ऑफिसात चहाच्या कपावर हसत म्हटलं तर गप्पा होतात. कमेंटमध्ये तेच वाचून, घरी एकट्या बसलेल्या नव्या मुलाचा दिवस जातो. 'यादी रिकामी आली तर ही ओळ पडेल असं वाटतंय, एक टेस्ट टाकून बघशील?' असं लिहायला अर्धं मिनिट जास्त लागतं, पण त्यात दोष कुठे आहे आणि पुढे काय करायचं हे दोन्ही कळतं. मोकळ्या जागा, नावांची पद्धत असल्या किरकोळ गोष्टी तर माणसाने बोलूच नयेत. त्या आपोआप तपासणाऱ्या लिंटरवर सोपवाव्यात. यंत्राने टोकलं तर कुणाला राग येत नाही.

आणि सिनिअरचा कोडही ज्युनिअरकडे वाचायला गेला पाहिजे. बऱ्याच टीममध्ये तो 'दादांनी लिहिलाय' म्हणून न वाचताच मर्ज होतो. चार महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलीने त्यावर 'मला हे कळलं नाही' असं लिहिलं, तर दादांनी कॉलवर समजावू नये, कोडच बदलावा. कॉलवरचं तिला एकटीला कळेल, तिच्यानंतर येणाऱ्याला नाही. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात कामही असंच द्यावं: सेटअप करताना तू जिथे जिथे अडलास तिथे रीडमी दुरुस्त कर, आणि तीच तुझी पहिली पुल रिक्वेस्ट. ती तपासायला टीममधला सगळ्यात जुना माणूस बसवावा.