मान आणि माणूस

ज्याच्या अंगीं विशेष गुण आहे त्याचा गौरव करावा, याविषयीं कोणाचें दुमत नाहीं. परंतु हा गौरव कोठें थांबावा, आणि तो मर्यादेबाहेर गेल्यास ज्याचा गौरव होतो त्यानें काय करावें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. वेल्स देशांतील बॅरी जॉन ह्या खेळाडूच्या चरित्रावरून त्याचा विचार करूं.

बॅरी जॉन हा १९४५ सालीं एका खेड्यांत, कोळशाच्या खाणींत काम करणाऱ्या मनुष्याच्या घरीं जन्मला. रग्बी हा वेल्सच्या लोकांचा फार आवडता खेळ. त्यांत प्रत्येक पक्षाचे पंधरा गडी असून ते लांबट चेंडू हातांत घेऊन धावतात व पायानेंही मारतात. १९७१ सालीं ब्रिटन व आयर्लंड येथील निवडक खेळाडूंचा संघ न्यूझीलंडास गेला. चार कसोटी सामन्यांपैकीं त्यानें दोन जिंकले, एक गमावला व एक बरोबरींत सुटला. असा जय त्या संघास त्या देशांत पूर्वीं कधींही मिळाला नव्हता. चार सामन्यांत संघाचे ४८ गुण झाले. त्यांतील ३० एकट्या बॅरी जॉनचे होते. लोक त्याला ‘राजा’ म्हणूं लागले.

पुढें एका बँकेच्या समारंभास तो गेला असतां तेथील एका तरुण स्त्रीनें, राजापुढें लवतात तशी, गुडघे लववून त्याला वंदन केलें. हें त्याच्या मनाला फार लागलें. आपण आपल्याच लोकांपासून दूर पडत चाललों, असें त्याला वाटलें. आणि १९७२ सालीं, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं, त्यानें खेळ सोडला.

येथें कोणी म्हणेल, ‘अंगीं बळ असतां काम टाकणें हें कर्तव्यास चुकणें नव्हे काय? एका स्त्रीच्या वंदनासाठीं साऱ्या देशानें आपला उत्तम गडी कां गमवावा?’ हा आक्षेप पोकळ नाहीं. गुण हा केवळ गुणवंताचा नसतो. सोबत्यांचाही त्यावर हक्क असतो. तथापि खेळ त्याच्यावांचून चालणार होता व चाललाही. शेजाऱ्यांत शेजारी म्हणून राहण्याचें काम मात्र त्याच्याऐवजीं दुसरा कोण करणार? खेळांतील जागा दुसऱ्यास देतां येते, माणूसपणाची देतां येत नाहीं.

परंतु वाचकहो, दोष केवळ उंच आसनाचा नसतो, तें आसन रचणाऱ्यांचाही असतो. ज्याला आपण डोक्यावर घेतों त्याला सुखदुःख सांगावयास मित्र उरत नाहीं, आणि त्याची चूक दाखविण्याचें धैर्य आपल्यांत उरत नाहीं. अशानें दोघांचेंही नुकसान होतें. म्हणून चांगल्या कामाची स्तुति मोकळ्या मनानें करावी, परंतु करणाऱ्याला आपल्या पंक्तींतून उठवूं नये. बॅरी जॉन २०२४ सालीं वारला. त्यानें मिळविलेले गुण पुस्तकांत नोंदलेले आहेत. त्यानें नाकारलेला मान आपण ध्यानांत ठेवावा.