मनाची झडती

उर्दूत इतिहासालाही ‘तारीख’ म्हणतात आणि दिनांकालाही. त्यामुळे आम्हा उर्दू माध्यमाच्या शिक्षकांपुढे एक धोका कायम असतो. दिनांक पाठ झाले की इतिहास झाला, असे मुलांना वाटते, कधीकधी आम्हालाही. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ १७ नोव्हेंबर १५५८ रोजी गादीवर आली, हे उत्तर बरोबर आहे, त्याला पूर्ण गुणही मिळतात. पण त्या दिवशी पंचवीस वर्षांच्या त्या तरुणीपुढे जो प्रश्न उभा होता तो दिनांकात मावत नाही. माणसाच्या मनात काय आहे हे विचारण्याचा अधिकार राज्याला आहे काय? आणि जिवावर बेतलेले असताना माणसाने मनात एक आणि वागण्यात दुसरे ठेवले, तर त्याला ढोंगी म्हणावे काय?

हा प्रश्न तिच्या वाट्याला लहानपणीच आला होता. वडील आठवा हेन्री यांनी १५३४ मध्ये रोमच्या पोपशी नाते तोडले आणि स्वतःला इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख ठरवून घेतले. मे १५३६ मध्ये त्यांनीच तिच्या आईचा, ॲन बोलीनचा, शिरच्छेद करविला. मुलगी तेव्हा तीन वर्षांचीही नव्हती. तिला अनौरस ठरवण्यात आले. १५४७ मध्ये सावत्र भाऊ सहावा एडवर्ड गादीवर आला आणि राज्य पक्के प्रोटेस्टंट झाले. प्रार्थना इंग्रजीत आली. १५५३ मध्ये तो वारला, सावत्र बहीण मेरी राणी झाली, आणि लॅटिन प्रार्थना व पोपची सत्ता परत आली. पंचवीस वर्षांच्या आत खेड्यातल्या त्याच चर्चमध्ये, त्याच बाकांवर बसलेल्या त्याच शेतकऱ्यांना, राजाज्ञेने श्रद्धा पुन्हा पुन्हा बदलायला सांगण्यात आले. कालचे पुण्य आज पाप, आणि आजचे पाप उद्या पुन्हा पुण्य!

मेरीच्या कारकिर्दीत पावणेतीनशेहून अधिक प्रोटेस्टंटांना जिवंत जाळण्यात आले. त्यांत मोठे धर्माधिकारी होते, तसे विणकर आणि मजूरही होते, स्त्रियाही होत्या. आर्चबिशप क्रॅन्मर यांची कथा तर मन हेलावून टाकते. त्यांनी भीतीपोटी आपली मते मागे घेतल्याचे लिहून दिले, तरीही शिक्षा टळली नाही. २१ मार्च १५५६ रोजी ऑक्सफर्डमध्ये त्यांनी ते लेखी माघारपत्र सर्वांसमक्ष नाकारले आणि ज्या हाताने सही केली तो हात आधी आगीत धरला.

याच काळात एलिझाबेथ काय करत होती? ती लॅटिन प्रार्थनेला हजर राहत होती. पहिल्यांदा जाताना तिने वाटेत पोटदुखीची तक्रार केली, असे तेव्हाच्या परदेशी वकिलाने कळवले आहे. १५५४ मध्ये वायटचे बंड झाले. त्यात तिचा हात असल्याच्या संशयावरून तिला लंडनच्या टॉवरमध्ये डांबले, पुढे वुडस्टॉकला नजरकैदेत ठेवले. पुरावा मिळाला नाही. ती वाचली, कारण ती गप्प राहिली.

आता सांगा, क्रॅन्मर खरे आणि एलिझाबेथ खोटी काय? आम्हाला तसे वाटत नाही. क्रॅन्मर यांच्या धैर्यापुढे मान झुकते. परंतु धैर्य स्वतःकडून मागायची गोष्ट आहे, दुसऱ्याकडून वसूल करायची नव्हे. एलिझाबेथने जे लपवले त्याने दुसऱ्या कुणाचा गळा कापला गेला नाही. स्वतःला वाचवण्यासाठी मनाचे दार लावून घेणे आणि स्वतःला वाचवण्यासाठी शेजाऱ्याचे नाव सांगणे, या दोन गोष्टींना एका तराजूत घालता येत नाही. आणि मुख्य म्हणजे, सरणाचा धाक दाखवून जो खोटे बोलायला लावतो, त्या खोट्याची जबाबदारी आधी त्याच्यावर येते. लोकांना ढोंग करायला भाग पाडायचे आणि मग ढोंगी म्हणून त्यांचा धिक्कार करायचा, ही सत्तेची फार जुनी खोड आहे.

परंतु खरी परीक्षा पुढे होती. सोसणारी व्यक्ती सत्तेवर आल्यावर काय करते? एलिझाबेथच्या हाती आलेले राज्य कर्जबाजारी होते. १५५८ च्या जानेवारीत कॅले हे फ्रान्समधले शेवटचे ठाणे गेले होते. कॅथलिकांच्या लेखी ती अनौरस; त्यांच्यातल्या अनेकांना गादीचा खरा हक्क स्कॉटलंडच्या मेरीचा वाटे, आणि ही मेरी तर फ्रान्सच्या युवराजाची पत्नी. शिवाय एक अविवाहित बाई राज्य कसे करणार, ही कुजबुज दोन्ही पंथांत होतीच.

१५५९ मध्ये तिने दोन कायदे करून घेतले. पहिल्या कायद्याने पोपची सत्ता संपवली, पण वडिलांनी घेतलेले ‘प्रमुख’ हे पद तिने घेतले नाही; ‘सर्वोच्च प्रशासक’ एवढेच म्हणवून घेतले. दुसऱ्याने एकच प्रार्थनापुस्तक लागू केले. तो वरिष्ठ सभागृहात १८ विरुद्ध २१, अवघ्या तीन मतांनी मंजूर झाला आणि हजर असलेल्या सगळ्या बिशपांनी विरोधात मत दिले. प्रसादाची भाकर देतानाचे शब्द मात्र तिथे मोठ्या खुबीने जोडले होते. ते ख्रिस्ताचे शरीरच आहे असे मानणाऱ्यालाही ते चालावेत, आणि ती केवळ आठवण आहे असे मानणाऱ्यालाही. ज्या बिशपांनी शपथ नाकारली त्यांची पदे गेली, अनेकांना कैद झाली; पण एकालाही जाळले नाही. लोकांच्या मनात खिडक्या पाडून डोकावणे तिला आवडत नव्हते, अशा अर्थाचे फ्रान्सिस बेकनने तिच्याविषयी लिहून ठेवले आहे.

हे मोठेच पाऊल होते. परंतु याला सहिष्णुता म्हणावे काय? रविवारी चर्चमध्ये न येणाऱ्याला १२ पेन्स दंड होता. म्हणजे मन तुझे, पण शरीर माझे! तिने प्रजेकडून तेच मागितले जे मेरीने तिच्याकडून मागितले होते. फक्त शिक्षा सौम्य केली. अर्धे स्वातंत्र्य शांततेच्या काळात पुरते. वादळ आले की ते अर्धेही टिकत नाही.

वादळ आले. १५६९ मध्ये उत्तरेत कॅथलिक सरदारांनी बंड केले. २५ फेब्रुवारी १५७० रोजी पोप पाचवे पायस यांनी राणीला बहिष्कृत करून तिच्या प्रजेला निष्ठेच्या बंधनातून मुक्त केल्याचे फर्मान काढले. फर्मान रोममध्ये निघाले. त्याची किंमत मात्र इंग्लंडमधल्या साध्या कॅथलिकाने मोजली. त्याला ना राणीविरुद्ध उठायचे होते, ना धर्म सोडायचा होता. पण आता त्याची जपमाळ हाच राजद्रोहाचा पुरावा झाला. १५८१ मध्ये गैरहजेरीचा दंड महिन्याला २० पौंडांवर गेला. त्याच वर्षी एडमंड कॅम्पियन या धर्मगुरूला देहांत शिक्षा झाली. कारकीर्द संपेपर्यंत शंभराहून अधिक कॅथलिक धर्मगुरू असे मारले गेले. कागदोपत्री गुन्हा श्रद्धेचा नव्हता, देशद्रोहाचा होता. मनात खिडकी न पाडणाऱ्या राज्याने शेवटी मनाची झडतीच घेतली.

या कथेचा एक धागा आपल्या मराठीपर्यंत येतो. टॉमस स्टीफन्स हा इंग्रज कॅथलिक. मायदेशी उघडपणे धर्मगुरू होणे शक्य नव्हते. तो रोमला जाऊन १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात पोचला. १६१६ मध्ये छापलेले मराठी ‘ख्रिस्तपुराण’ त्याचेच. १५८३ मध्ये एलिझाबेथचे अकबर बादशहासाठी दिलेले पत्र घेऊन निघालेले न्यूबेरी आणि फिच पोर्तुगिजांच्या हाती सापडून गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी याच स्टीफन्सने खटपट केली. ज्या राणीच्या राज्यात त्याच्या पंथाला जागा नव्हती, तिच्याच माणसांसाठी! ज्या गोव्यात त्याच्या पंथाला मोकळीक होती, तिथे १५६० पासून इन्क्विझिशन इतरांच्या मनाची झडती घेत होते, हेही विसरता येत नाही. तिथे पिडलेला पंथ इथे पिडणारा होता.

म्हणून अमुक पंथ वाईट आणि तमुक चांगला, असा धडा या इतिहासातून आम्हाला काढता येत नाही. श्रद्धेवरून निष्ठा मोजायला लागले की मोजणारा कोणीही असो, परिणाम तोच होतो. प्रामाणिक माणूस अडकतो आणि लबाड सहज शपथ घेऊन मोकळा होतो. माणसाला त्याच्या कृत्याचा जाब जरूर विचारावा; पण न केलेल्या कृत्याची शंका त्याच्या प्रार्थनेवरून घेऊ नये. आम्ही मुलांना शिकवतो ते एवढेच. मग वर्गात एखादा विचारतो, “सर, पण मनातले खरे उघड बोलता येईल असे राज्य त्या काळी कुठे होते?” या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात उत्तर नाही. ते त्यांच्या पिढीने द्यायचे आहे, आणि आमच्याही.