कुंकू असताना कारभार

मुरुडकडची माणसं परळीला वैजनाथाच्या दर्शनाला गेली की जीर्णोद्धाराच्या निमित्ताने अहिल्याबाईंचं नाव निघतंच. त्यांच्या पुण्याईबद्दल आपण भरभरून बोलतो. मला मात्र त्यांच्या आयुष्यातली सालं बोचतात. त्यांचे पती खंडेराव कुंभेरीला पडले १७५४ मध्ये. कारभार हाती आला १७६७ मध्ये, नवरा, सासरा आणि मुलगा तिघेही गेल्यावर. आपल्याकडे राणीला मुखत्यारी मिळायची ती बहुधा कपाळ पांढरं झाल्यावरच. सौभाग्य होतं तोवर मान होता, अधिकार नव्हता.

कागलकर घाटग्यांची लेक बायजाबाई शिंदे हिचंही तसंच. तिचे पती दौलतराव १८२७ मध्ये वारले, तिने जनकोजीला दत्तक घेतलं आणि सहा वर्षं ग्वाल्हेर चालवलं. पैशाच्या व्यवहारात पक्की बाई. पण सत्ता उभी होती दत्तकाच्या नावावर. पोर जाणतं झालं, फौज त्याच्याकडे वळली आणि १८३३ मध्ये तिला ग्वाल्हेर सोडावं लागलं. कंपनी सरकारने मान्यता दिली ती जनकोजीला. त्याच इंग्रजांच्या देशात चार वर्षांनी व्हिक्टोरिया स्वतःच्या हक्काने गादीवर बसली.

बडोद्याच्या जमनाबाईंची कथा तर अंगावर येते. १८७० च्या नोव्हेंबरात त्यांचे पती खंडेराव गायकवाड गेले तेव्हा त्या गरोदर होत्या. एवढं मोठं संस्थान त्यांच्या बाळंतपणाकडे डोळे लावून बसलं. मुलगा झाला तर तो राजा, नाहीतर दीर मल्हारराव. १८७१ मध्ये मुलगी झाली आणि त्यांचा वाड्यातला शब्दच संपला. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हाररावांना पदच्युत केलं, तेव्हा दत्तकासाठी पुन्हा जमनाबाईच हव्या झाल्या. नाशिककडच्या कवळाण्याचा शेतकरी घरातला, अक्षरओळखही नसलेला गोपाळ त्यांच्या मांडीवर बसला आणि सयाजीराव झाला. राज्य मात्र दिवाण टी. माधवरावांनी चालवलं.

याच सयाजीरावांच्या घरात ही रीत वाकली. देवासच्या घाटग्यांची गजराबाई १८८५ मध्ये त्यांची दुसरी पत्नी म्हणून आली आणि चिमणाबाई झाली. पती हयात असताना तिने पडद्याची चाल सोडली, १९११ मध्ये एस. एम. मित्रा यांच्याबरोबर स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, आणि १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अध्यक्षपद भूषवलं. महाराजांची साथ नसती तर हे अवघड होतं, मान्य. पण दत्तक पोराच्या आडून बोलायची वेळ तिच्यावर आली नाही. मला ती बायजाबाईंपेक्षा मोठी वाटते ती एवढ्याचसाठी.

वाड्यातली ही गोष्ट शिवारात यायला फार उशीर लागला. आपल्या भागात सातबाऱ्यावर बाईचं नाव लागायचं ते बहुतेक वेळा वारस म्हणून, नवऱ्याचा तेरावा उरकल्यावर. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या आसपास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली: नवऱ्याने जिवंतपणीच, आपल्या हाताने, बायकोच्या नावे जमीन करून द्यायची. गावोगावच्या शेतकऱ्यांनी ती दिलीही. मला तो चिमणाबाईंच्याच वाटेवरचा पुढचा टप्पा वाटतो, आणि जास्त अवघड. महाराजांनी राणीला आपल्या शेजारी जागा दिली. या शेतकऱ्यांनी आपल्या नावावरची जमीनच दिली.