चुन्याचा पोपडा

आमच्या बेळगावात पाऊस लागला की भिंती ओल धरतात, आणि कपाटामागं भोपळ्याच्या बीसारखं चपटं, राखाडी काहीतरी चिकटलेलं दिसतं. तुमच्याही घरी असेल, उठून बघा. सासूबाई म्हणायच्या, ‘‘चुन्याचा पोपडा गं तो, लोट की!’’ मी २० वर्षं लोटत आले.

एकदा तो पोपडा चालला. टोकातून काळपट डोकं आणि सहा पाय बाहेर आले, अख्खं घर ओढत निघाले. मी बोट लावलं, डोकं आत. थोड्या वेळानं दुसऱ्याच टोकातून बाहेर! दोन्हीकडं दार.

ही एका बारीक पतंगकिड्याची अळी. या प्रजातीला शास्त्रात फेरिओइका म्हणतात. हे नाव १९५६ सालचं. स्वतःच्या रेशमात वाळू, धूळ, धागे गुंफून ती ही सेंटीमीटरभर पिशवी करते, मध्ये फुगीर, टोकांना निमुळती. खाते कोळ्याची जुनी जाळी, गळलेले केस, लोकर. सुती कापडाला सहसा तोंड लावत नाही. शालीला भोकं पाडणारी दुसरी एक अळीही पिशवी घेऊनच हिंडते, पण तिची नळीसारखी गोल. चपटी असेल तर हीच. पुढं त्यातूनच राखाडी, ठिपकेवाला पतंग निघतो.

यापुढं नेमकी जात पक्की करायची तर पतंग मारून, पोट उघडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. तिथं मी थांबले. एवढी ओळख मला नको.

पण मन काही थांबलं नाही. लोटलेल्यांचं काय? मैत्रीण म्हणाली, ‘‘माहीत नव्हतं ना, मग दोष कसला?’’ मला पटेना. आपल्याकडं हिंसेचं मूळ प्रमादात सांगितलंय. पाणी गाळून घेणारी, रात्री न जेवणारी मी, त्या भिंतीकडं एकदाही वाकून बघितलं नव्हतं. न कळणं वेगळं, न बघणं वेगळं. आणि खरं सांगू? न बघण्यानं काम लवकर उरकत होतं.

आता कोळी सोडून गेलेली जाळी वेळेवर काढते, म्हणजे त्या यायलाच नकोत. तरी आलेलीला कागदावर घेऊन परसातल्या लाकडाच्या खोलीत सोडते. तिथं जाळ्यांना तोटा नाही.

सून हसते. ‘‘आई, म्हणजे तुम्ही त्यांना पाळताय की!’’

असेल. माझी लोकरीची शाल मात्र त्या खोलीत मी ठेवत नाही.